अंगठा बाहेर

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात माझ्याकडे एक किरकोळ काम आलं. मोटरसायकलच्या इंजिनाचा कारभार सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे ईसीयूमध्ये, एक अट बसवून तपासायची होती: क्रँकशाफ्ट उलटा फिरताना दिसला तर स्पार्क द्यायचा नाही. बस, एवढंच. कोडच्या सात-आठ ओळी आणि त्यांच्या चाचण्या. मी त्या लिहिल्या, हिरव्या झाल्या, पण इंजिन उलटं कशाला फिरेल हे काही मला कळलं नव्हतं. पदवी कॉम्प्युटरची, इंजिनाशी संबंध स्क्रीनवरच्या आलेखांपुरता. शेजारी बसणाऱ्या सीनियरना विचारलं. त्यांची आधीची दहा वर्षं टेस्ट बेडवर गेली आहेत.

"किकबॅक," ते म्हणाले. "किक मारताना इंजिनाने उलटं मारलं तर माणसाचा घोटा जातो. हँडलच्या गाड्या होत्या तेव्हा हात जायचा."

मला आबांचं मनगट आठवलं.

आबा म्हणजे माझे आजोबा. आमचं गाव चाकणपासून जवळ. त्यांच्या उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने एक उंचवटा आहे आणि हात पूर्ण उलथा होत नाही; ताटातली भाकरी मोडताना ते कोपर बाहेर काढतात. याची घरातली कथा एका वाक्याची: आबा तरुणपणी ट्रकवर किन्नर होते, हँडल मारताना अंगठा आत घेतला आणि हात मोडला. किन्नर म्हणजे क्लीनर. या कथेतून आमच्या घराला एक वाक्प्रचार मिळाला. पेन्सिलीला टोक करताना, दाराच्या फटीत हात घालताना, पुढे बाइक शिकताना, कुठेही निष्काळजीपणा दिसला की वडील ओरडायचे, "अंगठा बाहेर!" आम्ही चुलत भावंडं तर परीक्षेला जातानाही एकमेकांना तेच म्हणायचो.

ते सात-आठ ओळींचं काम झाल्यावर या अंगठ्यामागे लागलो. त्यात माझे बरेच रविवार गेले.

सुरुवात जिथून झाली त्याचा आमच्या भागाशी एक लांबचा धागा आहे. चाकणला २००९ पासून मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे. त्याआधी ही कंपनी १९९४ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायची. या नावातल्या कार्ल बेंझने १८८६ मध्ये ज्या तीनचाकीचं पेटंट घेतलं, तिला हँडल नव्हतंच. मागच्या बाजूला एक मोठं आडवं फ्लायव्हील होतं. ते दोन्ही हातांनी धरून गरकन फिरवायचं आणि इंजिनाने धुगधुगी धरली की हात काढायचे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्टा दोन मुलांना घेऊन याच प्रकारच्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्झहाइमला माहेरी गेली. शंभराहून जास्त किलोमीटरचा हा प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून सांगितला जातो. वाटेत इंजिन बंद पडेल तेव्हा ते चाक पुन्हा हातानेच फिरवायचं होतं, हे मात्र क्वचित सांगितलं जातं.

फ्लायव्हीलची जागा लवकरच हँडलने घेतली. झेड अक्षरासारखा वाकवलेला लोखंडी दांडा. त्याचं एक टोक रेडिएटरखालच्या भोकातून आत सारायचं, की ते क्रँकशाफ्टच्या तोंडाशी असलेल्या दात्यांत अडकतं. या दात्यांचा आकार हीच त्यातली सगळी गंमत आहे. त्यांची एक बाजू सरळ असते आणि दुसरी उतरती. आपण सुलट दिशेने फिरवतो तेव्हा सरळ बाजू इंजिनाला ढकलते. इंजिन पेटून आपल्या हातापेक्षा जोरात फिरायला लागलं की उतरती बाजू दांड्याला बाहेर लोटते, आणि हँडल आपोआप सुटतं. ना स्प्रिंग मोजायची, ना कळ दाबायची. कोड लिहिणाऱ्या माणसाला ही रचना पाहून हेवा वाटतो. एक अट, आणि ती लोखंडातच कोरलेली.

पण ही अट एकाच दिशेची आहे. इंजिन उलटं फिरलं तर दात्यांची सरळ बाजू हँडलला घट्ट पकडून ठेवते. सुटका नाही. म्हणजे ज्या क्षणी हँडल सुटायला हवं, नेमकं त्याच क्षणी ते हाताला जखडलेलं असतं.

आणि इंजिन उलटं का फिरतं? पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते ती पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडी आधी. मिश्रण जळायला वेळ लागतो, तोवर पिस्टन माथ्यावरून पुढे सरकलेला असतो आणि जाळाचा दाब त्याला खाली ढकलतो. इंजिन वेगात असेल तर हा हिशोब बरोबर बसतो. हँडल मारताना मात्र इंजिन अत्यंत सावकाश फिरत असतं. ठिणगी तितकीच आधी पडली, तर पिस्टन वर चढत असतानाच जाळ होतो आणि तो आल्या वाटेने मागे फेकला जातो. म्हणून चालू करताना ठिणगी उशिरा पाडायची, आणि गाडी धावू लागली की पुढे घ्यायची. मेकॅनिक मंडळी यालाच टायमिंग मागे-पुढे घेणं म्हणतात.

१९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये हे काम चालवणाऱ्याच्या हाती होतं. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ठिणगीची दांडी, उजव्या बाजूला इंधनाची. आधी ठिणगीची दांडी वर सारायची, हँडब्रेक ओढलाय ना ते बघायचं, मग खाली उतरून पुढे जायचं. रेडिएटरशेजारी चोकच्या तारेची कडी असायची, ती ओढून इंजिनात थोडं पेट्रोल येऊ द्यायचं. मग हँडल डाव्या हातात धरायचं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आणि खालून वर एकच झटका द्यायचा. वरून खाली दाबायचं नाही, गोल गोल तर अजिबात फिरवायचं नाही. डावा हात खालून वर ओढत असला आणि इंजिनाने उलटं मारलं, तर हँडल बोटांतून खाली निसटून जातं. उजव्या हाताने, अंगावर जोर घेऊन, मूठ वळून धरलेलं असलं तर तोच झटका मनगटात जातो. हँडब्रेक विसरला तर आणखी मजा: थंडीत क्लचमधलं तेल घट्ट झालेलं असलं की ही गाडी चालू होताक्षणी पुढे सरकायची, आणि पुढे तर आपणच उभे!

या यादीतली प्रत्येक पायरी माणसाने लक्षात ठेवायची होती. यंत्र काहीच लक्षात ठेवत नव्हतं.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाचं टोक मोडतं त्या प्रकाराला डॉक्टर आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. हँडलने इतके हात मोडले की नाव त्यालाच चिकटलं. शोफर या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टीत कोळसा टाकणारा, आग पेटती ठेवणारा. वाफेच्या गाड्यांच्या काळातून तो मोटारीत आला. मोडलेल्या हाडाला मालकाचं नाव मिळालं नाही, नोकराचं मिळालं, हे मला वाचता वाचता खटकलं. त्याकडे पुढे येतोच.

हँडलला पर्याय शोधणारे बरेच होते. कुणी दाबलेली हवा सिलिंडरमध्ये सोडायचं, कुणी घड्याळासारखी भली मोठी स्प्रिंग गुंडाळून ठेवायचं, कुणी दिव्यांसाठी बाळगलेला ॲसिटिलीन वायू इंजिनात सोडून पेटवायचं. विजेच्या मोटरचा विचारही झाला होता, पण हिशोब केला की मोटर आणि बॅटरी इतकी मोठी निघायची की गाडीत दुसरं काही मावू नये. हा गुंता अमेरिकेत डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंगने सोडवला. त्याआधी तो दुकानांतल्या गल्ल्याच्या यंत्रांसाठी विजेची मोटर बनवत होता. गल्ला उघडायला क्षणभरच जोर लागतो. छोट्या मोटरला तिच्या ऐपतीबाहेरचा जोर क्षणभर लावायला सांगितला तर ती जळत नाही, कारण तापायच्या आत काम संपतं. इंजिन चालू करणं हेही तसंच क्षणभराचं काम. १९११ मध्ये त्याने हे कॅडिलॅकच्या गाडीवर करून दाखवलं आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ते विकत मिळू लागलं.

यामागे एक दंतकथा आहे. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लेलँड याचा बायरन कार्टर हा मित्र स्वतः मोटारी बनवायचा. एका पुलावर बंद पडलेली एका बाईची गाडी चालू करून द्यायला तो थांबला, हँडल उलटं बसून जबडा फुटला, त्यातून तो गेला, आणि लेलँडने शपथ घेतली की आता हे हँडल घालवायचंच. कार्टर १९०८ मध्ये न्यूमोनियाने वारला. पुलावरची बाई सांगणाऱ्यागणिक बदलते. पुढे जाहिरातींनीही तोच धागा धरला: सेल्फ-स्टार्टर आला, आता बायकाही गाडी चालवू शकतील. बेर्टा बेंझच्या प्रवासाला तेव्हा २४ वर्षं होऊन गेली होती, आणि इंग्लंडमध्ये डोरोथी लेव्हिट हिने बायकांसाठी मोटारीचं पुस्तक लिहून त्यात हँडल कसं मारायचं तेही १९०९ मध्येच सांगितलं होतं. मला वाटतं, हँडल पुरुषांनाही नको होतं. तसं म्हणणं फक्त अवघड होतं.

तरी मॉडेल टीला सेल्फ मिळायला १९१९ उजाडलं. स्वस्त गाडीला तो महाग पडत होता.

आणि आपल्याकडे? गाड्यांना सेल्फ असायचा, पण रेडिएटरखालचं भोक अनेक दशकं बुजलं नाही. ॲम्बॅसेडरला ते होतं, जीपला होतं. सीटखाली किंवा डिकीत हँडल पडलेलं असायचं, कारण बॅटरी महाग, आणि ती उतरली की रस्त्यात दुसरा उपाय धक्का मारण्याचाच. भाषेतही हे उतरलंय. सेल्फ-स्टार्टरमधला स्टार्टर आपण गाळला आणि सेल्फ तेवढा ठेवला. 'गाडी सेल्फ घेत नाही' हे वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं तर ऐकणारा गोंधळून जाईल. सेल्फ नाही घेतला तर 'हँडल मार'. ते कोणी मारायचं हा प्रश्न ट्रकवर कधी पडलाच नाही. ड्रायव्हर वर केबिनमध्ये, किन्नर खाली रेडिएटरसमोर. बॅटरीला पैसे पडतात, पोरगं ट्रकवर होतंच. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हर-कंडक्टरबरोबर क्लीनरलाही कामगार म्हणून मोजलं. किमान पाच कामगार असलेल्या धंद्यांना तो लागू होता. एक ट्रक, एक ड्रायव्हर, एक किन्नर असा संसार त्यात बसत नव्हता.

मोटारींच्या बाहेर हँडल आणखी टिकलं. खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तिथल्या आणि सातारच्या कूपरच्या डिझेल इंजिनांवर विहिरींचं पाणी चढलं, गिरण्या चालल्या. डिझेल इंजिनात हवा पेट्रोलच्या मानाने कितीतरी जास्त दाबली जाते, तेव्हा नुसत्या हाताने ते फिरणं शक्य नाही. म्हणून डोक्यावर एक छोटी दांडी असते. ती उचलली की व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि आत दाब बसत नाही. हँडलने फ्लायव्हीलला चांगली गती द्यायची आणि मग दांडी पाडायची. गतीतलं चाक पुढचं काम करतं. ठिणगीची भानगड नसल्याने तिच्या टायमिंगचाही प्रश्न नाही, पण हँडल वेळेत काढलं नाही तर तेही सोडत नाही.

माझ्या पिढीने पाहिलेला हाताने चालू करायचा शेवटचा प्रकार रिक्षात होता. निगडीत आम्ही राहायचो तेव्हा शाळेची रिक्षा होती, तिच्यात आम्ही अकरा जण. काकांच्या डाव्या हाताला, पायापाशी, एक लोखंडी दांडा असायचा. ते उजव्या हाताने मूठ पिळत, डावीकडे झुकत आणि दांडा खसकन वर ओढत. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला मागून फटफट सुरू. "काका, मला ओढू द्या ना!" यासाठी आमच्यात वार ठरलेले होते, माझा गुरुवार. काका आधी स्वतः एकदा चालू करून बघायचे, मग बंद करून आमच्या हाती द्यायचे. त्यांनी तसं का केलं असेल हे आता कळतं. गरम इंजिन सहज लागतं आणि झटकाही देत नाही.

या रिक्षाचा जन्मही आपल्याच भागाचा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत नवलमल फिरोदियांनी इटलीतल्या पियाजिओच्या मालवाहू तीनचाकीवरून माणसं नेणारी रिक्षा उभी केली. पुढे आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात त्या हजारोंनी बनल्या. १९७७ मध्ये इंजिन मागे असलेली रिक्षा आली. इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे, मग किक मारायची कुठून? तर तो दांडा, आणि त्याच्यापासून मागच्या इंजिनापर्यंत जाणारी केबल. खालून वर, डाव्या हाताने. मॉडेल टीची शिकवण रिक्षात अशी बसून आली. ती मुद्दाम आणली असं मी म्हणणार नाही; उजवा हात मुठीवर अडकलेला होता, एवढंच कारण पुरेसं आहे.

त्याच आकुर्डीत २०२२ च्या जूनपासून इलेक्ट्रिक चेतक बनते. तिला चालू करणं असा प्रकारच नाही. मूठ पिळली की ती चालते. केटरिंगने इंजिनाला क्षणभर हात देण्यासाठी म्हणून मोटर आणली, तिने आता घरच ताब्यात घेतलंय.

गेल्या दिवाळीत हे सगळं डोक्यात घेऊन गावी गेलो. आबा ८३ वर्षांचे आहेत. ओट्यावर बसून कांदे निवडत होते. शेत आता निम्म्याहून कमी उरलंय आणि बांधापलीकडे नव्या मोटारी लादलेले कंटेनर रांगेने उभे असतात, पण कांदे निवडायचं काम ते कुणाला देत नाहीत. मी त्यांच्यासमोर बसून, एक लांबट कांदा पिस्टन म्हणून धरून, ठिणगी कधी पडते आणि इंजिन उलटं का मारतं ते समजावून सांगितलं. मग म्हणालो, "म्हणजे आबा, अंगठ्याने फार तर अंगठा जातो. मनगट जायला टायमिंगच चुकलेलं असणार. दोष तुमचा नसणारच."

त्यांनी कांदा माझ्या हातातून घेतला आणि ढिगात टाकला.

"टायमिंग पुढं घेतलेलं व्हतं," ते म्हणाले. "घाटात वढ यावी म्हून."

तो जुना पेट्रोलचा ट्रक होता. चाकण बाजारातून कांदा भरून रात्री तळेगाव-वडगाव करत मुंबईच्या रस्त्याला लागायचा आणि खंडाळ्याचा घाट उतरून जायचा. येताना तोच घाट चढायचा. डिस्ट्रिब्युटरमध्ये वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेणारी वजनं असायची, पण मुळात शून्य कुठे धरायचं हे एक बोल्ट सैल करून हाताने ठरवलं जायचं. मालकाने मेकॅनिककडून ते जरा पुढे सरकवून घेतलं होतं. चढाला गाडी खुशीत चालायची. चालू करताना मात्र उलटं मारायची.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हँडल मारणाऱ्याला कळत न्हाय व्हय? त्याच्या आदी दोन येळा मारलं व्हतं. हात सोडला म्हून वाचलो."

"मग सांगितलं का नाही?"

"कुनाला? मालकाला?"

मालकानेच तर ते करून घेतलं होतं. वडगावच्या अलीकडे पहाटे गाडी बंद पडली, बॅटरी उतरलेली, ड्रायव्हर वरून 'मार रे' म्हणाला. तेव्हा आबा एकोणीस-वीस वर्षांचे. हात गावातल्या हाडवैद्याने बसवला, म्हणून तो असा. मालकाने त्या फेरीची मजुरी दिली, पुढची नाही.

"आणि अंगठा?"

"अंगठा भाईरच व्हता."

मी काही बोललो नाही. तेच पुढे सांगू लागले. हात बरा झाल्यावर दुसऱ्या ट्रकवर काम धरायचं होतं. बाजारात सगळे मालक एकमेकांना ओळखायचे. मालकाच्या गाडीने हात मोडला असं म्हणणाऱ्या किन्नराला कोण ठेवणार? माझा अंगठा आत गेला, आता अक्कल आली, असं म्हणणाऱ्याला ठेवतात. चौथ्या महिन्यात काम लागलं. पुढे लायसन काढलं, ड्रायव्हर झाले, लग्न झालं, आणि तीच गोष्ट घरातही सांगितली, कारण आजीच्या माहेरचं कुणीतरी बाजारात हमाल होतं आणि गोष्टी फिरतात. नंतर ती बदलायचं काही कारण उरलं नाही.

आजी आतून म्हणाली, "मला लग्नाआधीच ठावं व्हतं." आबांनी तिकडे बघितलंही नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुजं ते काय करतं मग, उलटं फिरलं तर?"

"ठिणगीच देत नाही."

"आन् मालकाला घाटात वढ कमी पडली तर?"

हा प्रश्न मला आमच्या मीटिंगमध्येही कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं की आता चालू करताना टायमिंग मागे असतं आणि घाटात पुढे जातं. दर फेऱ्याला नव्याने ठरतं, दोन्ही जमतं.

"बोल्ट ढिला करून फिरवता येतं?"

"नाही. बोल्टच नाही."

"मग बरंय," आबा म्हणाले, आणि डाव्या हाताने पोतं पुढे ओढलं.